वेड, पिसें आणि वांटणी : कृष्णाकांठच्या कांहीं साधनांवरून

महाबळेश्वरीं उगम पावून कृष्णा वाई, माहुली, कऱ्हाड, औदुंबर, सांगली ह्या गांवांवरून जाते आणि नृसिंहवाडीस तिला पंचगंगा मिळते. ह्या कांठावरील लढाया, वतनें, देवस्थानें आणि घराणीं ह्यांविषयींचे कागद संशोधकांनीं गेल्या शंभर-सवाशें वर्षांत पुष्कळ उजेडांत आणिले. परंतु त्याच कांठावरील एखाद्या घरांत माणूस वेडें झालें म्हणजे भाऊबंद, गांवकरी, उपाध्ये आणि सरकार त्याच्याशीं कसें वागत, हा विषय आमच्याकडे बहुधा दंतकथेच्या सदरांत टाकला जातो. आम्हांस तो इतिहासाचा विषय वाटतो. आणि त्याचीं साधनें समजलीं जातात तितकीं दुर्मिळ नाहींत, हें दाखविण्याचा प्रस्तुत प्रयत्न आहे.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें. जुन्या साधनांत वेड्या माणसाविषयीं दोन प्रश्न पुनःपुन्हा विचारलेले आढळतात : ‘हें कोणी केलें?’ आणि ‘ह्याच्या वांट्याचें काय?’ त्या माणसास स्वतःला काय होत आहे, हा तिसरा प्रश्न वैद्यकाच्या पोथ्या सोडल्या तर क्वचितच कोणी विचारतो. पहिल्या दोन प्रश्नांमुळें कलंक लागतो तो रोग्यापेक्षां त्याच्या घराला. आणि घर तो झांकूं पाहतें.

भाषेपासून आरंभ करूं. ‘पिसें’ हा शब्द ‘पिशाच’ ह्यावरून आलेला आहे. म्हणजे रोगाच्या नांवांतच त्याचें कारण सांगून टाकलेलें आहे. ‘झपाटणें’, ‘लागणें’, ‘बाधा’, ‘बाहेरचें’ हे शब्द त्याच कुळांतले. ह्या सर्वांत कर्ता दुसराच कोणी तरी असतो. रोगी हा केवळ त्याच्या मुक्कामाची जागा. महाबळेश्वराच्या पश्चिमेस पार घाट उतरला कीं कोंकण लागतें. तेथील भुतांखेतांच्या समजुती ए. एम. टी. जॅक्सन ह्यांनीं गांवोगांवच्या शाळामास्तरांकडून उत्तरें मागवून जमविल्या; १९०९ सालीं नाशिक येथें त्यांचा खून झाल्यावर आर. ई. एन्थोव्हेन ह्यांनीं १९१५ मध्यें त्या छापून काढिल्या. मुंजा म्हणजे मुंज झालेला पण लग्नापूर्वीं मेलेला मुलगा. हडळ म्हणजे बाळंतपणांत गेलेली बाई. ब्रह्मसमंध म्हणजे द्रव्यावर जीव ठेवून मेलेला ब्राह्मण. ही यादी नीट वाचली तर प्रत्येक भुताची कांहीं तरी बाकी राहिलेली दिसते. ज्याला बाधा होते त्याच्याकडे, अथवा त्याच्या घराकडे, ती बाकी निघते.

ह्याच शब्दांना दुसरी बाजूही आहे, ती विसरून चालणार नाहीं. तेराव्या शतकांतील ऋद्धिपूरचे गोविंदप्रभु हे महानुभाव पंथाचे परमपुरुष. सकळ लिपीचा उलगडा झाल्यापासून त्यांच्या लीळा अभ्यासकांस उपलब्ध आहेत. गांवचे लोक त्यांना वेडे म्हणत आणि त्याच तोंडानें त्यांची सेवा करीत, असें तें चरित्र वाचणाऱ्यास पानोपानीं दिसतें. दत्तसंप्रदायांतही अवधूताचें लक्षण सांगतांना बालक आणि पिशाच ह्यांच्या जोडीला उन्मत्त येतो. सारांश, वेड हें सर्वत्र आणि सर्व काळ तिरस्काराचेंच कारण होतें असें म्हणतां येत नाहीं. मात्र हा मान मिळाला तो ज्यांच्यामागें घर आणि वांटणी उरली नव्हती त्यांना, असें आमचें निरीक्षण आहे. संसारी माणसाच्या वांट्याला तो येत नसे.

संसारी माणसाची गोष्ट ‘गुरुचरित्रां’त पाहावी. सरस्वती गंगाधरांचा हा सोळाव्या शतकांतील ग्रंथ पारायणासाठीं घरोघरीं असल्यामुळें त्याच्याकडे सामाजिक साधन म्हणून पाहण्याचें सुचत नाहीं. सतराव्या अध्यायांत कोल्हापुरच्या एका विद्वान् ब्राह्मणाचा पोरका मुलगा येतो. मुंज झाली तरी त्याला विद्या येईना. लोक त्याची निंदा करीत, बापाच्या विद्वत्तेचा दाखला देऊन त्याला लाजवीत, कुळाचें नांव बुडविलेंस म्हणून बोल लावीत. हें सोसवेना तेव्हां तो घर सोडून भिलवडीस भुवनेश्वरीच्या देवळांत गेला आणि धरणें धरून बसला. देवी प्रसन्न होईना म्हणून आपली जीभ कापून त्यानें तिच्यापुढें ठेविली. तेव्हां कृष्णेच्या पलीकडच्या कांठीं औदुंबराखालीं बसलेल्या यतीकडे जाण्याची आज्ञा झाली, व नृसिंहसरस्वतींनीं त्याला बोलतें आणि ज्ञानी केलें. चमत्काराचा भाग भाविकांनीं आपल्या ठिकाणीं ठेवावा. आम्हांस महत्त्वाचें वाटतें तें हें कीं, ग्रंथकारानें मुलाच्या मंदबुद्धीपेक्षां लोकांच्या बोलण्याचें वर्णन अधिक सविस्तर केलें आहे. जीभ तोडून घेण्यापर्यंत त्या पोरास नेलें तें लोकनिंदेनें, असें तो सांगतो. औदुंबर हें क्षेत्र आज सांगली जिल्ह्यांत आहे आणि त्याच्या स्थानमाहात्म्यांत ही कथा प्रमुख आहे.

विसाव्या अध्यायांतील शिरोळच्या बाईची कथा तर हिशेबाचीच आहे. तिचीं मुलें जगत नव्हतीं. कारण असें निघालें कीं, पूर्वजन्मीं तिनें शौनक गोत्राच्या एका ब्राह्मणाचे शंभर रुपये बुडविले होते. त्यानें प्राण दिला आणि तो पिशाच होऊन तिच्या मागें लागला. स्वप्नांत तो तिला मारावयास धांवे. तोडगा म्हणून संगमावर स्नान, औदुंबराची सेवा आणि शेवटीं शौनकगोत्री ब्राह्मणास शंभर रुपये देणें, असें सांगितलें आहे. पोटचीं मुलें गमावून रात्रींबेरात्रीं दचकून उठणारी ही बाई आज एखाद्या मनोवैद्याकडे गेली असती तर त्यानें प्रथम तिच्या शोकाविषयीं विचारलें असतें. येथें विचारणा झाली ती देण्याची. तथापि एक गोष्ट मान्य केली पाहिजे : तोडगा निश्चित आहे, त्याला मुदत आहे, आणि तो पुरा झाला कीं बाई दोषमुक्त होते. कलंक पुसण्याचीही सोय त्याच कल्पनेंत होती.

आतां दुसरा प्रश्न, वांट्याचा. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायांत ज्यांना दायभाग नाहीं त्यांच्या यादींत क्लीब, पतित, जन्मांध, बहिरा, मुका ह्यांच्याबरोबर उन्मत्त आणि जड हेही आहेत; मात्र त्यांस अन्नवस्त्र देणें भावांवर बंधनकारक ठेविलें आहे. याज्ञवल्क्याचें मतही ह्याच प्रकारचें. त्यावर कल्याणीच्या चालुक्य दरबारांतील विज्ञानेश्वरानें जी टीका लिहिली ती आमच्या मतें फार सूक्ष्म आहे. तो म्हणतो कीं, वांटणीनंतर औषधादि उपायांनीं दोष गेला तर त्या माणसाला त्याचा भाग मिळाला पाहिजे; आणि त्याचे पुत्र निर्दोष असतील तर त्यांना तो आहेच. अर्थात् उन्माद बरा होऊं शकतो, हें आठ-नऊ शतकांपूर्वींच्या कायदेपंडितानें गृहीत धरलें होतें. मिताक्षरा आणि नीलकंठभट्टांचा व्यवहारमयूख हे दोन ग्रंथ मुंबई इलाख्याच्या न्यायालयांत प्रमाण होते, म्हणून ही चर्चा केवळ पोथींतली राहिली नाहीं.

वतनी मुलुखांत ह्याचा परिणाम काय होईल, हें सांगावयास नको. वेड सिद्ध झालें कीं वांटा गेला. अर्थातच भाऊबंदांचें हित वेड सिद्ध करण्यांत, आणि आईचें अथवा पत्नीचें हित तें लपविण्यांत. मधल्या मधें जो खरोखर आजारी असे त्याच्याविषयीं खरें बोलण्यांत कोणाचेंच हित उरत नसे. वाटणीपत्रें आणि तंट्यांचे कागद वाचतांना ‘वेडा’ हा शब्द दिसला तर तो निदान म्हणून न वाचतां प्रथम आरोप म्हणून वाचावा, अशी आमची सूचना आहे. इंग्रजी अंमलांत १८५८ सालीं दोन कायदे एकामागोमाग झाले : पस्तिसावा वेड्यांच्या मिळकतीच्या व्यवस्थेचा आणि छत्तिसावा वेड्यांच्या इस्पितळांचा. मिळकतीचा आधीं आणि माणसाचा मागून, हा क्रम योगायोगाचा असेल. आम्हांस तो बोलका वाटतो. पुढें १९२८ च्या कायद्यानें जन्मतःच वेडा किंवा जड असलेल्याखेरीज इतरांची ही अपात्रता काढली, आणि १९५६ च्या हिंदु उत्तराधिकार कायद्यानें रोग अथवा व्यंग ह्या कारणानें वारसा नाकारण्याची वाट सर्वस्वीं बंद केली. त्यास अजून शंभर वर्षेंही झालीं नाहींत.

महाबळेश्वरास आज जी वस्ती आहे तिचा पाया सर जॉन माल्कम ह्यांनीं घातला. मुंबईचे गव्हर्नर असतां १८२९ सालीं त्यांनीं छत्रपति प्रतापसिंहांस वाईकडील खंडाळा गांव देऊन ही जागा घेतली. मालकमपेठ हें नांव त्यावरूनच. गोऱ्या रोग्यांनीं थंड हवेंत प्रकृति सुधारावी हा हेतु. ह्याच माल्कमनीं त्यापूर्वीं माळव्यांतील आपल्या कारभाराच्या काळांत जी माहिती जमविली, ती १८२३ सालीं मध्य हिंदुस्थानावरील ग्रंथांत प्रसिद्ध केली आणि तींत होळकर घराण्यांतील दोन वेडांच्या हकीकती आहेत. मराठी राज्यांतील वेडाविषयीं इतकें तपशीलवार लिखाण आमच्या पाहण्यांत दुसरें नाहीं.

पहिली मालेराव होळकराची. १७६६ सालीं मल्हाररावांच्या मागें तो गादीवर आला आणि वर्ष पुरें होण्याच्या आंत, १७६७ त मरण पावला. एका दासीविषयींच्या संशयानें त्यानें एका कशिदाकारास मारिलें. मागाहून तो निरपराध ठरला. आणि मालेरावाचें चित्त भ्रमलें. त्या कशिदाकाराचें भूत त्याच्या अंगांत आहे, असें सर्वांनीं मानिलें. अहल्याबाई रात्रंदिवस मुलाच्या अंथरुणाजवळ बसून त्या भुताची विनवणी करीत होत्या. तुझें देऊळ बांधतें, तुझ्या कुटुंबास जमीन तोडून देतें, असें त्यांनीं कबूल केलें. पण माझा विनाअपराध जीव घेतला, मी त्याचा घेईन, असें उत्तर आलें. शिरोळच्या कथेंतील शंभर रुपये आणि ही देऊं केलेली जमीन, ह्यांत आम्हांस एकच रीत दिसते. पुढें तर आईनेंच मुलाचा अंत घडविला, अशीही वदंता उठली. माल्कमनीं चौकशी करून ती खोटी ठरविली. वेडाच्या प्रकरणांत कोणी तरी गुन्हेगार लागतोच. भूत पुरेसें झालें नाहीं म्हणून लोकांनीं आई शोधून काढिली.

दुसरी यशवंतरावाची. इंग्रजांशीं तह करून परत आल्यावर भानपुऱ्यास तो तोफा ओतण्याच्या भट्टीशीं स्वतः राबूं लागला, मद्य अतोनात घेऊं लागला, विसरूं आणि चिडूं लागला. शेवटीं एका रात्रीं जनानखान्यांत आकांत झाल्यावर त्यास पुष्कळ माणसांनीं मिळून दोरखंडांनीं बांधिलें, वेगळ्या तंबूंत ठेविलें आणि दुधावर राखिलें. १८११ सालीं तो वारला तोंपर्यंत तुळसाबाईचा कारभार त्याच्याच नांवें चालला. दिल्लीपर्यंत ज्याचा धाक त्याला बांधण्याचें धैर्य लोकांस झालें, ह्याचें पुष्कळांस नवल वाटतें. आम्हांस नवल वाटतें तें निराळें : राज्य त्याच्या नांवें चालविण्यास त्याच्या शुद्धीची गरज कोणास भासली नाहीं.

दोर आणि भय हे उपाय केवळ मांत्रिकांचे, असेंही समजूं नये. चरकसंहितेंत उन्मादाचे पांच प्रकार सांगितले आहेत. आगंतु म्हणजे बाहेरून आलेला उन्माद त्यांत आहे. पण त्याच ठिकाणीं चरकानें असेंही बजावलें आहे कीं, जो आपल्याच प्रज्ञापराधानें पीडित नाहीं त्याला देव, गंधर्व, पिशाच कोणी पीडीत नाहींत. म्हणून देवांना दोष देऊं नये. एवढें स्वच्छ विधान करणाऱ्या ग्रंथाच्या चिकित्सास्थानांत मात्र चाबकानें भेडसावणें, बांधून अंधाऱ्या खोलींत कोंडणें, दांत काढलेल्या सापाची भीति घालणें, हेही उपाय आहेत. युरोपांत त्या काळच्या पुढेंही कित्येक शतकें ह्याहून बरें चालत नव्हतें, हें खरें. परंतु त्यानें आमच्या पोथींतला चाबूक नाहींसा होत नाहीं.

आमच्या इतिहासलेखकांनींही ‘कोणी केलें’ हाच प्रश्न पुढें चालविला. १७९५ च्या ऑक्टोबरांत सवाई माधवराव शनिवारवाड्यांत वरून पडून वारले. साताऱ्यास रेसिडेंट राहिलेल्या ग्रांट डफनें त्यांनीं बुद्ध्याच उडी घेतली असें लिहिलें. दुसऱ्यांनीं तापाच्या भरांत तोल गेला असें म्हटलें. वाद फार झाला, पण तो नाना फडणिसांच्या माथीं दोष येतो कीं नाहीं ह्या भोंवतीं. एकवीस वर्षांच्या त्या मुलाच्या मनाची अवस्था त्या पूर्वींच्या महिन्यांत काय होती, ही चौकशी वादाच्या कडेला राहिली.

ह्या सर्वांत आम्हांस अधिक विचार करावयास लावणारें प्रकरण कोल्हापुरचे छत्रपति चौथे शिवाजी महाराज ह्यांचें आहे. राजाराम महाराज १८७० सालीं फ्लॉरेन्स येथें वारल्यावर ते दत्तक आले. पुढें त्यांना वेड लागलें असें सरकारनें ठरविलें, आणि त्यांना अहमदनगरच्या किल्ल्यांत ठेविलें. तेथें १८८३ च्या २५ डिसेंबर रोजीं त्यांच्या पहाऱ्यावरील ग्रीन नांवाच्या गोऱ्या शिपायाशीं झालेल्या झटापटींत त्यांचा अंत झाला. वय अवघें वीस. त्यापूर्वीं, १८८१ च्या अखेरीस, दिवाण माधवराव बर्वे ह्यांनींच महाराजांचा छळ चालविला आहे, अशा अर्थाचीं पत्रें पुढें येऊन ‘केसरी’ आणि ‘मराठा’ ह्यांनीं हें प्रकरण लावून धरिलें. पत्रें बनावट निघालीं. अब्रूनुकसानीच्या खटल्यांत टिळक आणि आगरकर ह्यांस १८८२ च्या जुलैंत चार महिन्यांची शिक्षा झाली. १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगांत काढून ते सुटले. कृष्णेच्या कांठीं टेंभू येथें जन्मलेल्या आगरकरांनीं त्या दिवसांवर पुस्तकही लिहिलें. खटल्याच्या जामिनाची व्यवस्था जोतीराव फुल्यांच्या खटपटीनें झाली, हें सर्वश्रुत आहे.

त्या दोघां संपादकांच्या हेतूविषयीं शंका घेण्याचें कारण नाहीं. परक्या सत्तेच्या हातीं सांपडलेल्या एका तरुण राजाची बाजू त्यांनीं घेतली आणि त्याची किंमत दिली. परंतु दोन्ही पक्षांची भाषा शेजारीं शेजारीं ठेवून पाहावी. सरकार म्हणे राजा वेडा आहे, सबब कारभार आमचा. लोक म्हणत राजा वेडा नाहीं, त्याला वेडा ठरविलें आहे, सबब कारभार त्याचा. राजा आजारी असेल आणि तरीही त्याला मान, सोबत, औषध आणि त्याचें राजेपण मिळालें पाहिजे, असें म्हणण्यास त्या वादांत जागाच नव्हती. कारण वेड मान्य केलें कीं सर्व गेलें, हें दोघांनाही सारखेंच मान्य होतें. विज्ञानेश्वराचा औषधाचा मुद्दा येथपर्यंत पोंचलाच नाहीं. महाराजांच्या प्रकृतीचा खरा प्रकार काय होता, ह्यावर आज मत देण्याचा आमचा अधिकार नाहीं. पण त्यांना कैद्यासारखें ठेविलें आणि ते कैद्यासारखे मेले, एवढें निर्विवाद आहे.

इस्पितळें आलीं तीं ह्याच काळांत. रत्नागिरीचें १८८६ चें, ठाण्याचें १९०१ चें. घाटावरच्या लोकांस येरवडा. महाबळेश्वर-पांचगणीस फुप्फुसांचा रोगी हवापालटास येई. मनाचा रोगी भिंतीआड जाई. ‘ह्याला येरवड्यास पाठवा’ हें वाक्य शिवी म्हणून रूढ झालें, आणि ‘वेड्यांचें इस्पितळ’ जाऊन ‘मनोरुग्णालय’ आलें तरी शिवी राहिली.

घरें मग जुन्याच वाटेनें गेलीं. फलटणचीं महानुभाव मंदिरें ह्या दृष्टीनें विशेष पाहण्यासारखीं आहेत. व्हिडा स्कुल्टन्स ह्या संशोधिकेनें १९८० च्या दशकांत तेथें जें पाहिलें तें असें : बाधा ही एकट्या रोग्याची नसून घराची मानिली जाते, रोग्याबरोबर नातलग येऊन राहतात, आणि आई किंवा पत्नी आपल्या अंगांत वारें आणून रोग्याचें दुःख स्वतःवर घेते. पिशाचाच्या कल्पनेंत दोष घराचा ठरतो तसा भारही घराचा ठरतो. पण तो घरांतल्या बायका उचलतात. जागतिक आरोग्य संघटनेनें १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून आग्रा, इबादान इत्यादि ठिकाणीं केलेल्या अभ्यासांत स्किझोफ्रेनियाचे रोगी गरीब देशांत तुलनेनें बरे सुधारतात असें आढळलें. त्यावर आक्षेप पुष्कळ आहेत. फलटणसारखीं ठिकाणें पाहिलीं म्हणजे ‘घर सोबत राहतें’ हें त्याचें एक कारण असावें असें आम्हांस वाटतें. मात्र सोबत आणि सांखळी ह्यांत अंतर थोडें असतें. तामिळनाडूंतील एर्वाडी येथें दर्ग्याच्या आश्रयानें ठेविलेले २८ रोगी ६ ऑगस्ट २००१ रोजीं आगींत मेले. ते सांखळ्यांनीं बांधलेले होते.

ह्या गोष्टीस कायद्याचें रूप देण्याची खटपट साताऱ्याच्याच एका वैद्यानें केली. डॉ. नरेंद्र दाभोलकर ह्यांचा जन्म तेथें १९४५ सालीं झाला. २० ऑगस्ट २०१३ रोजीं पुण्यास त्यांचा खून झाला, आणि त्याच महिन्यांत निघालेल्या वटहुकुमाचा डिसेंबरांत कायदा झाला. त्याच्या अनुसूचींतील पहिलें कलम भूत उतरविण्याच्या निमित्तानें दोरानें वा सांखळीनें बांधणें, मारणें, मिरचीची धुरी देणें ह्यांविषयीं आहे. पुढें एक कलम असेंही आहे कीं, मंदबुद्धि माणसांत अलौकिक शक्ति आहे असें भासवून त्याचा धंद्यासाठीं उपयोग करूं नये. निंदा आणि पूजा ह्या दोन्ही टोकांना एकाच अनुसूचींत बसविणारें हें लिखाण भविष्यकाळच्या संशोधकास मोलाचें वाटेल. मानसिक आरोग्याच्या २०१७ च्या कायद्यानेंही सांखळी निषिद्ध केली आहे. तरीसुद्धां २०१५–१६ च्या राष्ट्रीय पाहणींत निरनिराळ्या मनोविकारांच्या शंभर रोग्यांपैकीं ७० ते ९२ जणांस उपचार मिळत नाहींत असें दिसून आलें. वैद्य थोडे हें एक कारण; घर झांकतें हें दुसरें.

हस्तलिखितांच्या संग्राहकांस आमची विनंती पुढीलप्रमाणें आहे. बाधा उतरविण्याच्या मंत्रांच्या वह्या, गुरवांनीं लावलेल्या कौलांच्या टिपा, वैद्यांचे उन्मादावरील चिटोरे आणि १८५८ च्या कायद्याखालील जिल्हा न्यायालयांतील अर्जांच्या नकला, हें सर्व आजवर रद्दी म्हणून बाजूस काढलें जातें. बाहुल्या आणि खिळे ह्यांच्या वहिवाटीमुळें मांढरदेव अनेकांस ठाऊक असतो. पण त्या वहिवाटीमागचीं गाऱ्हाणीं कोणी लिहून ठेविलीं असतील तर तीं कोठें आहेत, ह्याचा शोध झालेला नाहीं. मुलामुलींच्या लग्नांत अडचण येईल ह्या भयानें घराणीं अशीं पानें दाखवीत नाहींत, प्रसंगीं फाडतात. तें भय खोटें नाहीं. म्हणून असा कागद हातीं आल्यास त्याचें स्थळ, काल आणि दप्तर नोंदवावें, नक्कल जशीच्या तशी करावी, आणि वंशज हयात असतील तर छापतांना रोग्याचें व घराण्याचें नांव गाळावें. मूळ कागद मात्र दप्तराबाहेर काढूं नये.